घराच्या मागं पांढरी फुली मारलेलं जाळं, हा कोळी विषारी आहे का? काढू की राहू देऊ?

सांदवाडीवाली (वर्धा)

नमस्कार मंडळी. आम्ही हिंगणघाटकडं राहतो, खेडंच आहे. घराच्या मागं सांदवाडी आहे, तिथं गोडलिंबाचं झाड अन न्हाणीवरचा टिनाचा पत्रा यांच्यामधी एका कोळ्यानं जाळं टाकलंय. जूनमधी काहीच नव्हतं, मधी झड लागली होती ती उघडल्यावर पहिल्यांदा नजरेस पडलं, तेव्हा अगदी बारका होता, आता पोळा होऊन गेला अन हा चांगला मोठा झालाय. पाठीवर पिवळे अन तपकिरी आडवे पट्टे, पोट पाच कोनाचं, पाय दोन-दोन जोडून बसते त्यामुळं लांबून चारच पाय वाटतात. अन कधीही पाहा डोकं खाली. मला वाटलं मेला की काय म्हणून जवळ जाऊन फूक मारली तर त्यानं आख्खं जाळं असं गदागदा हलवलं की कोळी दिसेनासाच झाला, नुसतं धूसर काहीतरी.

जाळ्याच्या मधोमध जाड पांढऱ्या धाग्यानं नागमोडी फुली काढलेली असते अन हा बरोबर त्या फुलीवर पाय ठेवून बसते. पण ती फुली रोज सारखी नसते, कधी पुरी, कधी खालच्याच दोन रेघा, परवा तर एकच रेघ होती. माझा पोरगा तिसरीत आहे, त्याचं म्हणणं कोळ्याचं गणित चुकलं म्हणून मॅडमनं फुली मारली.

आता अडचण अशी की न्हाणीत जायचा रस्ता तिथूनच अन कपडे वाळवायची दोरीही तिथंच. सासूबाई म्हणतात हा अंगावर मुतला की फोड येतात. त्यात महालक्ष्म्या तोंडावर आल्या, घर-आंगण सगळं झाडून काढायचं असते, अशात जाळं म्हणजे दळिद्र. त्या फडा घेऊन निघाल्या की पोरगा आडवा होते. मी मधल्यामधी.

तर विचारायचं असं की हा चावते का, विषारी आहे का, फोडाचं खरं आहे का अन ती फुली कशासाठी. अजून एक, जाळ्याच्या कडेला बारीक बारीक चांदीसारखे चमकणारे ठिपके हालताना दिसतात, ती याची पिल्लं आहेत का? फोटो टाकते, मोबाईल साधा आहे, सांभाळून घ्या.


जाळंबघ्या (अमरावती)

ताई, फोटो ओळखू येईल इतका चांगला आलाय. हा सिग्नेचर स्पायडर, अर्जिओपी म्हणून जो वंश आहे त्यातला. आपल्याकडं घराजवळ, शेतात, कुंपणावर अर्जिओपी अनसूजा खूप दिसते, थोरेल नावाच्या स्वीडिश अभ्यासकानं १८८७ मधी तिचं वर्णन केलंय. पुल्केला नावाची दुसरी जात जवळपास तशीच दिसते त्यामुळं फोटोवरून जातीवर पैज लावणार नाही, पण वंश नक्की. अन हा नाही, ही. मादी आहे. नर इतका बारका असतो की तुम्ही त्याला कोळी म्हणून मोजलाच नसता.

विषाचं म्हणाल तर जवळजवळ सगळ्याच कोळ्यांत विष असतं, किडा गार करायपुरतं. माणसाला काय होतं हे महत्त्वाचं. हिच्यामुळं काही होत नाही. मुठीत धरून दाबली तर चावेल, थोडं चुरचुरेल, लाल होईल, संपलं. स्वतःहून ती तुमच्या अंगावर येणार नाही, जाळं सोडून फिरायची तिला सवयच नाही. डोळे आठ आहेत पण नजर कच्ची, तिला जे काय कळतं ते धाग्याच्या थरथरण्यावरून. तुम्ही फूक मारल्यावर जाळं हलवलं ना, ते पक्ष्याला किंवा गांधीलमाशीला नेम धरता येऊ नये म्हणून. त्याहून जास्त छळलं तर एक धागा सोडून खाली टपकते, गवतात दबून बसते अन सगळं शांत झालं की त्याच धाग्यानं वर.

चांदीचे ठिपके पिल्लं नाहीत. ते वेगळ्याच जातीचे कोळी, अर्जिरोडीस नाव. पक्के फुकटे. स्वतः जाळं विणायचं नाही, हिच्या जाळ्याच्या कडेला बिऱ्हाड करायचं अन बारके किडे अडकले की उचलून न्यायचे, ती मोठ्या किड्याच्या मागं असते तोवर. कधी कधी तर तिनं बांधून ठेवलेल्या शिकारीलाही तोंड लावतात. घरात भिंग असलं तर नक्की पाहा, पोट वर निमुळतं अन आरशासारखं चकाकतं.

रस्त्यात फारच येत असेल तर मारू नका. संध्याकाळी एक लांब काडी घ्या, तिला काडीवर चढू द्या अन दहा-पंधरा पावलांवरच्या एखाद्या झुडपात सोडा. पहाटेपर्यंत नवं जाळं तयार असेल. पण मला विचाराल तर दोरी हलवणं सोपं.

अन आपल्या विदर्भात कोळ्यांचा अभ्यास काही कमी नाही बरं का. दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात कोळ्यांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे, मेळघाटातल्या कोळ्यांवरही काम झालंय. लोकांना वाघच माहीत.


कापूसवाला (दारव्हा)

अवं ताई कायले घाबरता त्या कोयाले. आमच्या वावरात सोयाबीन गुडघ्याएवढं झालं का दोन तासाच्या मंधात हेच जायं रोज सकाळी तोंडाले लागते. निंदाले बाया येतात त्या पयले पुढं काडी फिरवतात मंगच बसतात. आजलोक कोनाले काई झालं नाई.

मी त डवरताना बैल उभे करून पाह्यतो कधीमधी. नाकतोडा फसला का पाहा कसा गुंडायते त्याले. पन एक गोष्ट सांगतो, हा लय गुनाचा हाये असंबी समजू नका. मधमाशी खाते, फुलपाखरू खाते, त्याले मित्र ना शत्रू, जे अडकलं ते आपलं. कृषी सहायक आला होता तो म्हने मित्रकीटक. म्या म्हटलं साहेब याले त आठ पाय हायेत, पंख नाई, मिशा नाई, कीटक कसा झाला? हासला अन म्हने यादीत तसंच लिवलं हाये.

फवारा मारला का अळीच्या पयले हेच मरते. अळी पानाखाली नाईतं बोंडात दबून राह्यते, हे बिचारं उघड्यावर टांगलेलं. आठ दिसानं अळी पुन्हा हाजर, कोयी काई तेवढ्यात येत नाई. २०१७ ले आमच्या यवतमाय जिल्ह्यात फवारनीच्या विषबाधेनं मानसं गेली, तवापासून धुऱ्याच्या गवतावर त मी पंप नेतच नाई. तिथं पावसायात याच्या जायाची रांगच्या रांग राह्यते.

राहू द्या त्याले. भाडं थोडीच मांगते.


शंकासूर (आर्वी)

सगळं ठीक आहे पण फोडाचं कोणी बोललंच नाही. माझ्या भाच्याच्या मानेवर मागच्या पावसाळ्यात रात्रीतून लाल पट्टा उठला, दुसऱ्या दिवशी त्यात पाण्याचे फोड, आग आग व्हायची, पोरगं रडून राहिलं होतं. आख्ख्या मोहल्ल्यानं एकच सांगितलं, कोळी मुतला. कोणी गेरू लावला, कोणी काय काय. आता त्याच्या खाटेच्या वर कोपऱ्यात जाळं होतं हेही खरं. मग ते काय होतं? नुसतं हार्मलेस हार्मलेस म्हणून कसं चालेल, ताईच्या घरी लहान पोरगा आहे.


सिस्टर_पीएचसी

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, पावसाळ्यात असे पेशंट दर आठवड्याला येतात अन सगळ्यांच्या तोंडी कोळ्याचंच नाव. शंकासूर भाऊ, तुम्ही जे लिहिलं ते वाचून मला पेडेरस किड्याचं वाटते. हा कोळी नाही, छोटा भुंगेरा आहे, पाऊण-एक सेंटीमीटरचा, लांबट, नारिंगी अन काळे पट्टे, चालताना शेपटीकडचा भाग वर उचलतो. पावसाळ्यात रात्री ट्यूबलाईटकडं येतो, मग भिंतीवर, गादीवर, अंगावर. तो चावत नाही, डंख पण नाही. पण झोपेत मानेखाली चिरडला किंवा आपण हातानं पुसून टाकला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं अन जिथपर्यंत पुसलं तिथपर्यंत पट्टा उठतो.

गोम अशी आहे की फोड लगेच येत नाहीत, बरेचदा एक-दोन दिवसांनी येतात. तोवर किड्याचा पत्ता नसतो, माणूस वर पाहतो तर कोपऱ्यात जाळं, झालं, कोळी सापडला.

असा किडा अंगावर बसला तर चापट मारायची नाही, फूक मारून उडवायचा किंवा कागदावर घ्यायचा, चिरडलाच तर लगेच साबण-पाण्यानं धुवायचं अन तो हात डोळ्याला लावायचा नाही. झोपायच्या आधी गादी झटका, लाईट बंद करा, मच्छरदाणी लावा.

दुसरी गोष्ट नागीण. ती कांजण्यांच्या विषाणूमुळं होते, तो शरीरात वर्षानुवर्षं दबून असतो अन नंतर उठतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्टा, बरेचदा फोडाच्या आधीपासून दुखणं. त्यालाही लोक कोळीच म्हणतात अन गेरू लावत बसतात. त्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून सांगते, फोड दिसले की आधी दवाखाना मग बाकीचं.

अन कोळी काही आपल्यासारखा लघवी करत नाही. त्याची जी घाण असते ती पांढरट घट्टसर, भिंतीवर चुन्याचा ठिपका पडल्यासारखी दिसते. त्यानं फोड येत नाहीत.


शंकासूर (आर्वी)

पट्टा वाकडाच होता, म्हणजे पुसल्यासारखा. अन त्याच्या खोलीत रात्री अभ्यासाला लाईट असते. हे पटलं. सिस्टर, धन्यवाद, माझ्या बहिणीला दाखवतो वाचायला. फुलीचं मात्र अजून बाकी आहे.


टपरीवर_बसून

सिग्नेचर स्पायडर म्हणता तर सातबाऱ्यावर नाव चढवून घ्या, सही तर तिनं करूनच ठेवली आहे 😄


सांदवाडीवाली (वर्धा)

सगळ्यांचे आभार. सिस्टरताईंचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या असं असन तर असन, पण मी काही त्याच्या खालून डोकं वाकवून जाणार नाही. म्हणून दोरी इकडच्या बाजूला पेरूच्या झाडाला बांधली.

आता मला नाद लागलाय. पहाटे पाणी भरायला उठावं लागते, नळ अंधारातच येतो, तर मी टॉर्च घेऊन मागं गेले. जुनं जाळं गायब होतं, फक्त कडेचे दोन-तीन आधाराचे धागे, अन ही मधून बाहेर, बाहेरून मधी, नुसती चकरा मारून राहिली. आधी आरे टाकले. मग मधातून बाहेर एक मोकळी-मोकळी चक्री काढली. मला वाटलं झालं, तर नाही, बाहेर पोचली अन उलटी फिरली, आता दाट चक्री विणत आत येऊन राहिली अन येता येता ती पहिली मोकळी चक्री खाऊन टाकते! मागच्या पायानं धागा ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढं. टेकवायचा, पुढं. पुन्हा पुन्हा तेच, एकही आरा सुटत नाही. पाण्याची टाकी वाहून गेली तरी मला समजलं नाही, मग बोलणी खाल्ली.

दिवसा एक नाकतोडा अडकला, तिच्याहून मोठाच होता, तंगड्या झाडत होता. ही धावत गेली पण चावली नाही. तोंड फिरवून मागच्या पायांनी त्याच्यावर धाग्याची पट्टीच फेकली, एक धागा नाही, रुंद पट्टी, अन त्याला गोल गोल फिरवत राहिली. बघता बघता नाकतोड्याचं पांढरं गाठोडं. मग चावली अन मधोमध जाऊन बसली. बऱ्याच वेळानं गाठोडं आणलं अन त्याला तोंड लावून दिवसभर तशीच. संध्याकाळी नुसता चुरगळलेला गोळा खाली टाकला, पोरानं तो काडेपेटीत ठेवलाय (मी फेकणार आहे, त्याला सांगू नका).

पण काल एक पांढरं फुलपाखरू आलं तर तिनं आधी चावा घेतला अन नंतर गुंडाळलं. उलटं का केलं असन?


जाळंबघ्या (अमरावती)

ताई तुम्ही जे पाहिलं ते पुष्कळ अभ्यासक चटई टाकून पाहत बसतात.

पहिली मोकळी चक्री चिकट नसते, ती फक्त पायाखाली आधार म्हणून. आरेही चिकट नसतात. चिकट असते ती नंतरची दाट चक्री, तिच्यावर डिंकाचे बारीक थेंब असतात, सकाळच्या उन्हात तिरपं पाहिलं तर दिसतील. ती चालते आऱ्यांवरून म्हणून स्वतः अडकत नाही. अन जुनं जाळं गायब झालं कारण तिनं ते खाल्लं. धागा म्हणजे प्रोटीन, फेकून कसं द्यायचं, पोटात जाऊन परत धागाच होतो. धूळ-पाऊस लागून डिंक कामातून जातो म्हणून नवं जाळं लागतंच.

फुलपाखराचं अगदी बरोबर टिपलं. फुलपाखरू अन पतंग यांच्या पंखांवर भुकटीसारखे खवले असतात, ते धाग्याला चिकटून सुटून येतात अन किडा निसटतो. गुंडाळत बसायला वेळच नसतो, म्हणून आधी चावा. नाकतोड्याच्या तंगड्यांत जोर असतो, तिथं आधी बांधून टाकणं शहाणपणाचं. एवढासा जीव पण धाग्याच्या हलण्यावरून काय आलंय ते ओळखतो.

अन ती खात नाही, पिते. पाचक रस शिकारीवर सोडते, आत सगळं विरघळलं की ओढून घेते. म्हणून दिवसभर तोंड लावलेलं.


शंकासूर (आर्वी)

फुली फुली फुली. कोणी सांगेल का.


जाळंबघ्या (अमरावती)

सांगतो, पण यावर भांडणं आहेत आधीच सांगून ठेवतो.

या नक्षीला स्टॅबिलिमेंटम म्हणतात. नाव पडलं तेव्हा लोकांना वाटायचं की त्यानं जाळं मजबूत होतं. पण पाहाल तर ही नक्षी जाळ्यावर नुसती सैल चिकटवलेली असते, तिच्यानं काय मजबुती येणार. शिवाय जे कोळी रात्री जाळं लावून पहाटे काढून टाकतात ते सहसा अशी नक्षी काढत नाहीत, दिवसा उघड्यावर बसणारेच काढतात. म्हणजे ही कोणीतरी पाहावी म्हणूनच काढलेली. प्रश्न कोणी?

अमेरिकेत आयझनर अन नोविकी या दोघांनी १९८३ मधी एक साधा प्रयोग केला, रिकाम्या जाळ्यांवर खोटी पांढरी नक्षी लावली. नक्षीवाली जाळी जास्त वेळ टिकली, कारण पक्ष्यांना ती दिसायची अन ते वळून जायचे. पक्ष्यालाही तोंडावर चिकट जाळं नकोच असतं. मग १९९० मधी क्रेग अन बर्नार्ड यांनी दाखवलं की ही नक्षी अतिनील किरण परावर्तित करते, जे किड्यांना दिसतात, अन किडे तिकडं ओढले जातात. म्हणजे आमिष. मग १९९९ मधी ब्लॅकलेज अन वेन्झेल यांच्या कामात उलटंच निघालं, नक्षी असलेल्या जाळ्यात किडे कमी सापडले, पण पक्ष्यांकडून जाळी वाचली.

तेव्हा एका वाक्यात उत्तर नाही. माझा स्वतःचा कल पक्ष्यांच्या बाजूनं आहे, निदान अंगणातल्या जाळ्यांपुरता, कारण तिथं चिमण्या, बुलबुल, साळुंक्या दिवसभर आरपार उडत असतात. पण जात बदलली, जागा बदलली की उत्तर बदलू शकतं.

अजून एक गोष्ट जी ताईंच्या लिहिण्यात आहेच: ज्या रुंद पट्टीनं नाकतोडा बांधला तोच धागा फुलीत वापरला जातो, दोन्ही एकाच प्रकारच्या ग्रंथीतून येतात. म्हणून काही जण म्हणतात ही उरलेला माल खपवते.


शंकासूर (आर्वी)

मग रोज वेगळी फुली याचा अर्थ ज्या दिवशी शिकार जास्त बांधली त्या दिवशी माल कमी उरला, फुली छोटी? ताई, हे तुम्ही वहीत मांडू शकता. एका बाजूला आज किती किडे बांधले, दुसऱ्या बाजूला उद्या सकाळी किती रेघा. तिसरीतल्या पोराचं कामच आहे हे.


फोटोवाला_पुसद

फोटोसाठी सांगतो, जाळ्याच्या मागं काळी छत्री किंवा गडद ओढणी धरा अन ऊन बाजूनं येऊ द्या, साध्या मोबाईलवरही प्रत्येक धागा येतो. काही लोक जाळ्यावर पीठ किंवा पावडर मारतात, ते करू नका, डिंक वाया जातो अन तिला सगळं परत विणावं लागतं. अन फ्लॅश मारायचा नाही, नुसतं पांढरं येते.


कापूसवाला (दारव्हा)

छत्रीवाली आयडिया भारी हाये भाऊ. उद्या वावरात नेतो. लोकं म्हनतीन उन्हात कोयाले छत्री धरते.


सांदवाडीवाली (वर्धा)

वहीचं पोरानं मनावर घेतलंय, रेघा मारून तक्ता केला. महालक्ष्म्यांचं पण मिटलं. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, महालक्ष्म्या बसतात माजघरात, न्हाणीच्या मागं कोण पाहाले जाते, घरातली जळमटं तेवढी काढा. सोळा भाज्या, आंबिल, पुरण या गडबडीत मागं कोणी फिरकलंच नाही. जेवायला आलेल्या सवाष्णी हात धुवायला मागं गेल्या त्या मात्र तिथंच रेंगाळल्या, प्रत्येकीजवळ कोळ्याची एक गोष्ट होती.

पण आता जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक नवीन पाहुणा दिसून राहिला. चांदीवाला नाही, तपकिरी, सडपातळ, हिच्या पावपट पण नसन. धागा हळूहळू तुणतुण करतो, ही हलली की पळून जातो, परत येतो. हा पण चोर?


जाळंबघ्या (अमरावती)

हा नवरदेव. नर चारेक मिलिमीटरचा, मादी सेंटीमीटरभर किंवा थोडी वर, त्यामुळं चोर वाटणं साहजिक. तो जे तुणतुण करतो ती ओळख आहे, मी शिकार नाही हे सांगायची. नीट नाही सांगता आलं तर शिकार होतोच. या वंशात बरेचदा मीलन झाल्यावर मादी त्याला गुंडाळून खाते, काही नर एखादा पाय गमावून सुटतात. पोराला बघू द्यायचं का नाही हे तुम्ही ठरवा.

पुढं काय बघायचं ते सांगतो. तिचं पोट फुगेल, मग एखाद दिवस जाळ्यावरून नाहीशी होईल. घाबरू नका, आजूबाजूला पत्र्याखाली, पानामागं शोधा, कागदासारखी चापट पिशवी धाग्यांनी टांगलेली दिसेल. त्यात शेकड्यांनी अंडी असतात. दिवाळीच्या साफसफाईत ती पिशवी तेवढी वाचवा. पिल्लं बाहेर आली की काही दिवस घोळक्यानं राहतात अन मग उंच टोकावर चढून धागा वाऱ्यावर सोडतात अन त्याच्याबरोबर उडून जातात, सगळी तुमच्याच न्हाणीत राहणार नाहीत, सासूबाईंना सांगा. मादी मात्र त्यानंतर फार जगत नाही, थंडीत जाळं रिकामं दिसलं तर तिला कोणी मारलं असं पोरानं समजू नये.


मेळघाटी

आम्ही धारणीचे. जंगलात पायवाटेवर पिवळ्या धाग्याचं मोठ्ठं जाळं असते, कोळी हाताच्या पंज्याएवढा पायासकट. तो पण यातलाच का? गाईचरू पोरं त्याच्या धाग्याला हात लावून पाहतात, लवकर तुटत नाही.


जाळंबघ्या (अमरावती)

तो नेफिला पिलिपेस, जायंट वूड स्पायडर. वेगळा वंश, पण माणसाला तसाच निरुपद्रवी. धागा उन्हात सोनेरी दिसतो. नर तिथंही अगदी किरकोळ, काही मिलिमीटरचा. पायवाटेवर जाळं आडवं आलं तर खालून वाका, तिचं जाळं कुटुंबासकट असतं, अर्जिरोडीसवाले फुकटे तिथंही हजर.


लिंबूसरबत (कारंजा)

हे वाचून एक विचारते. आमच्या वावराच्या कुंपणाला बाभूळ-बोरी आहे, तिच्यावर मळकट कापसाच्या बोळ्यासारखी जाळी लागलेली असतात, आत वाळलेली पानं अन खूप सारे कोळी एकाच ठिकाणी. बोरं लागली की पोरं चढतात. ते तरी विषारी आहेत का?


जाळंबघ्या (अमरावती)

ते स्टेगोडायफस सारासिनोरम असावेत, सोशल स्पायडर. कोळ्यांच्या जगात एकत्र कुटुंब अगदी मोजक्या जातींत असतं, २०२२ मधी जगातल्या नोंदलेल्या जातींचा आकडा ५० हजारांच्या वर गेला पण खऱ्या अर्थानं मिळून राहणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या. हे मिळून घरटं बांधतात, मिळून मोठा किडा ओढतात, पिल्लंही मिळून सांभाळतात. दिवसा घरट्यात, रात्री बाहेर येऊन काम. माणसाच्या वाटेला जात नाहीत.


कापूसवाला (दारव्हा)

बोरी झोडताना तो बोया अंगावर पडला त झटकून टाका बस. चावत नाई पन केसात लोकरीवानी गुतते, काढता काढता दुपार होते. पोराइले टोपी घालाले सांगा.